ब्लॅक बुक जमा केलं, पण बाबांची कंपनी त्यात नाही

ठाणेवाशीलोकल

मंडळी, मागच्या मंगळवारी माझ्या प्रकल्पाच्या ब्लॅक बुकवर, म्हणजे काळ्या बाइंडिंगच्या अहवालावर, व्हायवा (तोंडी परीक्षा) झाली. एम.कॉम.चं दुसरं वर्ष, कॉलेज ठाण्यातलं, राहायला आम्ही घणसोलीत. प्रकल्पाचा विषय होता 'ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कंपन्यांचे सामाजिक दायित्व'. वर्षभर सकाळ-संध्याकाळ ट्रान्सहार्बरच्या गाडीत उभ्याने वाचलं, टिपणं काढली, गाईड मॅडमकडून तिसरा धडा चार वेळा परत घेतला. शेवटी काळ्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरं उमटली तेव्हा पाय जमिनीवर नव्हते.

एक प्रत घरी आणली. बाबांनी ती घेण्याआधी हात धुतले. सर्टिफिकेटच्या पानावर माझं नाव बोट ठेवून वाचलं. मग मी निवडलेल्या बारा कंपन्यांची यादी आली. ती त्यांनी दोनदा वाचली आणि विचारलं, "आमची नाही यात?"

मी म्हटलं, "ती बसत नाही बाबा."

"बसत नाही म्हणजे?"

त्यावर मी जे सांगितलं ते व्हायवात धडाधड सांगितलं होतं. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची कंपनी रबाळे एमआयडीसीतली, रंगाला लागणारी रसायनं करणारी, चाळीस-पन्नास माणसांची. तिचा नफा कुणी कधी त्यांना सांगितला नव्हता. त्या कंपनीत त्यांची बावीस वर्षं गेली, सगळी ठेकेदाराच्या हजेरीवर.

"म्हणजे लहान कंपनीला जबाबदारी नसते का?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, खरंच माहिती हवी म्हणून. माझ्या एकशे चौदा पानांत त्याचं उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी जे सापडलं ते सांगते. संदर्भांच्या धड्यात मी सगळ्यांसारखंच लिहिलं होतं. गांधीजींची विश्वस्ताची कल्पना घेतली, म्हणजे संपत्ती मालकाची नाही, तो तिचा राखणदार. मिल्टन फ्रीडमन घेतले, १९७० साली ज्यांनी ठामपणे लिहिलं की नियम पाळून नफा वाढवणं हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी. आणि आर्ची कॅरोल यांचा १९९१ चा पिरॅमिड घेतला. त्यात तळाला आर्थिक जबाबदारी, तिच्यावर कायदेशीर, तिच्यावर नैतिक आणि अगदी टोकाला दानधर्म. एक्स्टर्नल सरांनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, या पिरॅमिडवरच बोट ठेवलं. म्हणाले, "तुमच्या बारा कंपन्यांचं तुम्ही जे मोजलंय, ते यातल्या कुठल्या मजल्यावर येतं?" मी म्हटलं, वरच्या. "आणि खालच्या तीन मजल्यांचं काय?" मी अभ्यासाच्या मर्यादा नावाचं पान उघडून दाखवलं. सर चांगले होते, त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. पण मला तिथेच कळलं की वर्षभर मी इमारतीची गच्ची झाडत होते.

फील्डवर्कमध्ये एका पालिका शाळेत गेले होते. एका कंपनीने तिथे पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलेलं, वर नावाची पाटी. अहवालात 'सुरक्षित पेयजल' या शीर्षकाखाली त्या शाळेच्या पटावरची सगळी मुलं लाभार्थी म्हणून धरली होती. यंत्र बंद होतं. कार्ट्रिज बदलायचे पैसे कुणी द्यायचे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मुलं घरून बाटल्या आणत होती. मी मात्र माझ्या तक्त्यात रक्कम लिहिली, लाभार्थी लिहिले, कारण माझा तक्ता अहवालावर उभा होता.

दुसऱ्या एका कंपनीचं उलटं पाहिलं. त्यांचा एक इंजिनियर दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर शाळेत येऊन आठवीच्या मुलांकडून प्रयोग करून घ्यायचा. मुलांना त्याची गाडी ओळखू यायची. त्याच्या गुरुवारांची रक्कम शून्य, म्हणून तो माझ्या तक्त्यात कुठेच आला नाही.

आता बाबांचं. २००९ साली रिॲक्टरचं झाकण उघडताना वाफ अंगावर आली आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. ठेकेदाराने ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेलं, पट्टी बांधली. दुसऱ्याच दिवशी घरी गाडी आली. बाबांना नेऊन स्टोअरमध्ये स्टुलावर बसवलं, काम काही नाही, फक्त हजेरी. असं दोन आठवडे. बाबा आजही सांगतात, "सायेब बरा होता, घरी बसवून खाडा लावला असता तर काय केलं असतं?" आई त्यांचे कपडे कायम वेगळ्या बादलीत धुवायची. पाणी पिवळं निघायचं. ती बादली आम्ही दुसऱ्या कशाला वापरायचो नाही, एवढंच मला लहानपणी माहीत.

हे सगळं मला माहीत असताना विषय निवडताना एकदाही आठवलं नाही. मी अहवाल मिळतील अशा कंपन्या घेतल्या. ज्यांचा अहवालच निघत नाही त्या आपोआप गळल्या, आणि बाबाही त्यांच्याबरोबर गळले.

गाईड मॅडम म्हणतात यावर एक पेपर कर. मला करायचाय, पण हे तोलायचं कुठल्या मापाने तेच समजत नाही. लहान युनिटांत काम केलेलं किंवा त्यांचं काम पाहिलेलं इथे कुणी आहे का?

---

घणसोलीकर

अभिनंदन! मीही गल्लीतलाच. बादलीचं वाचून थांबलो. आमच्याकडे काकांचा टॉवेल वेगळा असायचा.

---

आकडेमोड

ताई, मनापासून लिहिलंय. मी सीए आहे, या कलमाखालच्या हिशोबांशी रोजचा संबंध येतो, म्हणून थोडं लांब लिहितो.

पहिलं म्हणजे कायद्याला त्याचं श्रेय द्या. २०१४ आधी खासगी कंपन्यांना हा खर्च पूर्ण ऐच्छिक होता. नंतरही काही वर्षं खर्च झाला नाही तर संचालकांनी कारण लिहिलं की भागायचं. जानेवारी २०२१ पासून चित्र बदललं. उरलेली रक्कम चालू प्रकल्पाची असेल तर आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते, नसेल तर सहा महिन्यांत परिशिष्ट सातमधल्या सरकारी निधीत भरावी लागते. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. शिवाय हा खर्च आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळत नाही. म्हणजे खिशाला झळ बसते.

दुसरं जास्त महत्त्वाचं, आणि इथे मी तुमच्याशी थोडा वाद घालणार आहे. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याची कामं या २ टक्क्यांत धरता येत नाहीत, आणि धंद्याच्या नेहमीच्या ओघात करायच्या गोष्टीही धरता येत नाहीत. तुम्हाला वाटेल की बाबांसारख्यांना कायद्याने वगळलं. मला ते योग्य वाटतं. एकदा का कामगाराचा मास्क आणि हातमोजे यात धरू दिले की उद्या कंपनी तो मास्क उपकार म्हणून दाखवेल. कामगाराची सुरक्षितता हा दानाचा विषय नाही, ते देणं आहे. देणं आणि दान एका खतावणीत मांडू नये.

म्हणून बाबांचा प्रश्न कलम १३५ ला विचारूच नका. ते दार चुकीचं आहे.

---

ठाणेवाशीलोकल

आकडेमोड दादा, 'देणं आणि दान' हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. वर्षभर मी दोन्हींना 'दायित्व' हा एकच शब्द वापरत होते, आणि मराठीत दायित्व म्हणजे मुळात देणंच की! शीर्षक मराठीत आणि अभ्यास दानाचा.

पण मग बाबांनी कुठल्या दारात जायचं? शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीचा जो जबाबदारी अहवाल द्यावा लागतो तो मी वाचलाय. त्यात कायम नसलेले कामगार किती, कामावर अपघात किती, मृत्यू किती, हे विचारलेलं आहे. मला तो फार आवडला. पण बाबांची कंपनी शेअर बाजारात नाही. ती जो माल करते तो मोठ्या कंपनीच्या गेटातून आत जातो आणि तिथून पुढचंच मोजलं जातं.

---

खडू_फळा

मी पालिका शाळेत शिक्षिका आहे, शाळेचं नाव लिहीत नाही. पाण्याच्या यंत्राचं तू लिहिलंस ते आमच्याकडेही झालंय. यंत्र देताना फोटो होतो, त्याच्या देखभालीच्या करारावर सही करायला कुणी नसतं. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून दोनदा कार्ट्रिज बदललं, तिसऱ्यांदा जमलं नाही.

तरी एक चांगला अनुभव सांगायलाच हवा. एका कंपनीच्या बाई आल्या आणि त्यांनी काय द्यायचं हे ठरवून न आणता विचारलं, "तुमची अडचण काय?" आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, संगणक नको, पाचवीतल्या पोरांना वाचता येत नाही, वाचून घेणारं माणूस द्या. त्यांनी दोन मुली दिल्या. रोज दोन तास, एकेका पोराला शेजारी बसवून. वस्तीतल्याच होत्या त्या, बारावी झालेल्या. त्या वर्षी कितीतरी पोरं आपापलं धडे वाचायला लागली. एक मुलगा दुकानांच्या पाट्या वाचत घरी जायचा, म्हणून त्याला उशीर व्हायचा आणि आई तक्रार घेऊन आली होती.

मग प्रकल्पाची मुदत संपली आणि मुली गेल्या. वाईट याचं वाटतं की त्या बाईंचंही तिथे काही चाललं नाही.

---

आकडेमोड

खडू_फळा ताई, नियमांत 'चालू प्रकल्प' म्हणजे सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. त्यापुढे नवा प्रकल्प म्हणून मांडता येतो, मनाई नाही. पण संचालक मंडळाला दरवेळी काहीतरी नवं दाखवायचं असतं. हे मी बैठकांत बसून पाहिलंय.

---

जुना_शिफ्टवाला

बेटा, मी या पट्ट्यात एकतीस वर्षं सेफ्टीत काढली, दोन कंपन्यांत. आता ठाण्यात असतो. तुझं लिखाण काल रात्री वाचलं आणि उत्तर द्यावं की नाही यावर बराच वेळ घालवला. द्यायला हवं असं वाटलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा भोपाळ ताजं होतं. डिसेंबर १९८४. त्याआधी कारखान्यात कुठलं रसायन आहे हे कामगाराला सांगायची पद्धतच नव्हती. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात नवं प्रकरण घातलं, धोक्याच्या प्रक्रियांचं. ड्रममध्ये काय आहे, त्याने काय होतं, अंगावर सांडलं तर काय करायचं, हे कामगाराला आणि आसपासच्या वस्तीला सांगणं मालकावर बंधनकारक झालं. तुझ्या बाबांना विचार, ते जे हाताळत होते त्याचं नाव त्यांना कुणी कधी सांगितलं होतं का.

आता स्टुलाचं. कारखाने कायद्यात होतं की अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर तो अपघात सरकारी कार्यालयाला कळवावाच लागतो. कळवला की तपासणी, प्रश्न, कागद. म्हणून दुसऱ्या दिवशी माणूस हजेरीवर उभा असला की अपघात कागदावर होतच नाही. खासगी दवाखाना त्यासाठीच. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात नेलं की नोंद होते.

साहेब बरा होता म्हणून गाडी आली नव्हती, पोरी. मी तुझ्या बाबांच्या कंपनीत नव्हतो, पण अशी गाडी मी पाहिलेली आहे. ज्या कंपनीत पाहिली तिथे मी तोंड उघडलं, पण उशिरा आणि पुरेसं नाही.

तू माप विचारतेस ना? लहान युनिटात जा आणि तीन गोष्टी बघ. ड्रमवर मराठीत किंवा हिंदीत लेबल आहे का. डोळे धुवायच्या नळाला पाणी येतं का. आणि अपघात नोंदवहीत शेवटची नोंद कधीची आहे. पाच वर्षं रिकामी वही दिसली तर तिथे अपघात झालेच नाहीत असं समजू नको.

ठेकेदाराच्या माणसाचंही लिही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. हे बहुतेक कामगारांना ठाऊकच नसतं.

आणि बाबांची फुप्फुसांची तपासणी करून घे. फुंकर मारायला लावतात ती, पीएफटी. खोकला नसला तरी.

---

खाडीचा_पोर

शिफ्टवाले काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

ताई, मी कोळीवाड्यातला. तू फ्रीडमनचं १९७० साल लिहिलंस, त्याच वर्षी १७ मार्चला नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि पुढे ठाणे, पनवेल, उरणची मिळून ९५ गावं नव्या शहराच्या नकाशात आली. आमच्या लोकांना टक्क्यांची भाषा फार जुनी आहे. जमीन गेली त्याच्या बदल्यात विकसित जमीन परत मिळावी म्हणून आमचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे माणसं रस्त्यावर उतरली, जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के मिळाले. म्हणून कुणी दोन टक्के म्हटलं की माझे आजोबा विचारायचे, "बाकीचे अठ्ठ्याण्णव कुठून आले?"

खाडीबद्दल तुझ्या पेपरात एक पान तरी असू दे. बापूस सांगतो, पूर्वी भरतीला निवटे, चिंबोऱ्या, कोळंबी घराच्या मागे मिळायची. आता २०१५ पासून ठाणे खाडी रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. आनंदच आहे. कंपन्यांची माणसं शनिवारी कांदळवनातलं प्लास्टिक उचलायला येतात, मीही होडी घेऊन त्यांच्यासोबत जातो, मनापासून काम करतात ती पोरं. पण पावसाच्या पहिल्या सरीला रात्रीच्या अंधारात नाल्याचं पाणी रंग बदलतं आणि सकाळी बोईट पोट वर करून तरंगते, तेव्हा त्या पाण्यासाठी जाब कुणाला विचारायचा हे आम्हाला आजवर कळलं नाही. लहान युनिटं सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्राला देतात. केंद्राकडे बोट दाखवलं की ते म्हणतात आलेलंच पाणी मर्यादेबाहेर होतं. मधे नाला आणि खाली आम्ही.

---

घणसोलीकर

शिफ्टवाले काका, तुम्ही उशिरा का होईना बोललात. आमच्या काकांच्या वेळी कुणीच बोललं नव्हतं.

---

ठाणेवाशीलोकल

सगळ्यांची उत्तरं वाचली. लगेच लिहिता आलं नाही.

काका, तुमचा ४८ तासांचा मजकूर लोकलमध्ये वाचला आणि रबाळेला गाडी थांबली तेव्हा उजवीकडे बघवेना. पंधरा-सोळा वर्षं बाबा ज्या गोष्टीसाठी त्या साहेबाचे आभार मानत आलेत ती त्यांच्याकडून काढून घ्यायची की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. तीन दिवस मी गप्प होते. आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्यांचा हात आहे, त्यांना कळायला हवं."

परवा रात्री जेवणं झाल्यावर मी तुमचा प्रतिसाद बाबांना जसाच्या तसा वाचून दाखवला. बाबांनी उजवी बाही वर केली, हात बघितला, परत खाली केली. मला वाटलं चिडतील किंवा उठून जातील. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या स्टुलावर मी एकटाच नव्हतो बसलो."

आणि त्यांनी नावं सांगितली. एकाचा पाय, एकाचे डोळे, एक बिहारचा मुलगा, ज्याची बोटं सेंट्रीफ्यूजमध्ये गेली आणि जो पुढच्या दिवाळीनंतर परत आलाच नाही. सात जण. स्टूल एकच. नावं मी इथे लिहीत नाही, पेपरातही लिहिणार नाही, पण वहीत लिहून घेतली आहेत.

ड्रममधल्या रसायनाचं नाव विचारलं. बाबा म्हणाले, "पिवळा, काळा आणि वासाचा." बावीस वर्षं त्यांनी तीच नावं वापरली.

खाडीचा_पोर दादा, आजोबांचा प्रश्न पेपराच्या अगदी सुरुवातीला घालू का? कुणी विचारला ते लिहीन. खडू_फळा ताई, तुमच्या वाचून घेणाऱ्या मुलींवर मला वेगळं लिहायचंय, परवानगी असेल तर शाळेत भेटायला येईन. आकडेमोड दादा, मॅडमना सांगून विषय बदललाय. आता २ टक्क्यांचा तक्ता नाही. लहान युनिटांतल्या अपघातांच्या नोंदी आणि कामगारांची आठवण समोरासमोर ठेवायची. मॅडम म्हणाल्या कठीण आहे, कंपन्या वही दाखवणार नाहीत. मग आधी आठवणीच घेईन.

काका, शुक्रवारी पीएफटीची वेळ मिळाली आहे. बाबांनी रजा टाकली.

काल आम्ही कामाची सगळी साखळी लिहायला घेतली, पोतं फोडण्यापासून. कुठे हाताने उचलायचं, कुठे झाकण, कुठे पाइप गळायचा, रात्रपाळीला किती माणसं. बाबा सांगतात आणि मी लिहिते. आई मधूनच दुरुस्त करते, कारण कुठल्या वर्षी कपड्यांचा रंग बदलला हे तिला बरोबर आठवतं. काल सेंट्रीफ्यूजपर्यंत आलो. ड्रायरचं आज रात्री सांगणार आहेत.